गॅस्टनला पाणी लागू नये म्हणून

ह्यूस्टन, ६ सप्टेंबर

प्रिय क्लोव्हिस,

अनेक आशीर्वाद. फोनच केला असता, पण परवा मी घसा बसेपर्यंत ओरडले आणि तू दर वेळी "बरं बरं, तूही जप" एवढंच म्हणालास. शेवटी इथल्या शेजारणीने दार ठोठावून विचारलं, घरात सगळं ठीक आहे ना. म्हणून हा कागद. तुझे कान त्या चार चाकांच्या फटफटीने खाल्ले. डोळे अजून शाबूत असतील अशी आशा करते.

मी मजेत आहे. व्हर्नाचं घर चौथ्या मजल्यावर आहे, त्यामुळे आता पूर आला तरी ममाची काळजी नाही, असं जावई रोज एकदा सांगतात. घरभर पांढरा गालिचा आहे. त्यावर चपला चालत नाहीत, कॉफी चालत नाही, आणि माझ्या अंदाजाने सासूही फारशी चालत नाही. काल व्हर्नाने कोळंबीच्या रश्शाचा गंबो केला, पाकिटातला. मी नुसतं वाडग्यात पाहिलं, तर ती म्हणाली, "ममा, तोंड नको करूस."

यूलालीचा फोन आला होता. तिच्याकडून तुमचे पराक्रम समजले. तू, पर्सी आणि जुनियस, ही तीन रत्नं उजाडल्याबरोबर फटफट्या काढून कबरस्तानामागच्या दलदलीत घुसता आणि अंधार पडता पडता नखशिखान्त चिखल होऊन परत येता. रोज. रविवारीसुद्धा. वा! अख्खं गाव ओल्या भिंती फोडून रस्त्यावर टाकतंय, माझ्या स्वयंपाकघरात बुरशीला पालवी फुटलीय, ते घर साफ करतो असं तू तोंड भरून सांगितलं होतंस, आणि तुम्ही तिघे म्हातारे चिखलात खेळताय. धन्य ती आई जिने तुला जन्म दिला. दुर्दैवाने ती माझीही आई.

एकच विचारायचं आहे. पाणी कबरस्तानात शिरलं होतं म्हणतात. गॅस्टनची कबर नीट आहे ना? एक नोव्हेंबरला सर्व संतांचा दिवस. आपल्या घरातल्या एकाही बाईने आपल्या माणसाची कबर त्या दिवशी चुन्याशिवाय काळी ठेवलेली नाही, आणि मी ती पहिली होणार नाही. मी येणार. रस्ता कसा आहे ते कळव.

तुझी थोरली बहीण,
एल्मीर


पॉयंट सिप्रे, १४ सप्टेंबर

ताई, नमस्कार.

पत्र मिळालं. डोळे शाबूत आहेत, फक्त वाचण्याआधी पुसावे लागले.

यूलालीला माझा निरोप दे. खिडकीत बसून आमच्यावर पहारा करण्यापेक्षा तिने आपला फ्रिज घराबाहेर काढावा. ऑगस्टपासून त्यातली कोळंबी आत आहे आणि तिचा वास आता स्वतःच्या पायांनी रस्त्यावर येतो.

आम्ही चिखलात खेळतो हे खरं. काय करणार ताई, असा चिखल जन्मात एकदा मिळतो. पूर ओसरला की मागे जे राहतं ते धड पाणी नसतं, धड जमीन नसते. वर साय धरते, दिसायला अगदी सोज्वळ, आणि चाक टेकलं की गाडी सीटपर्यंत आत. काल माझ्या गाडीचं पोट टेकलं. चारही चाकं गरागरा फिरतायत आणि मी जागच्या जागी. पर्सीने गाडीवरच्या विंचच्या चरखीचा दोर एका सायप्रसच्या झाडाला बांधून खेचायला सुरुवात केली, तर मी राहिलो तिथेच आणि सायप्रसच आमच्याकडे यायला निघाला. जुनियस इतका हसला की त्याची कवळी पडली. ती अजून सापडलेली नाही.

गॅस्टन ठीक आहे. त्याच्याकडून काही तक्रार आलेली नाही.

रस्ता मात्र फार वाईट आहे. तुझा गुडघा तसला, बसचा प्रवास लांबचा, तू येऊ नकोस. यंदा चुना मी लावतो. फुलंही ठेवीन. तू तिथेच बसून एक जपमाळ ओढ, देवाला पत्ता कळतो.

तुझा,
क्लोव्हिस


ह्यूस्टन, २२ सप्टेंबर

क्लोव्हिस,

पत्र दोनदा वाचलं. चुना तू लावणार! न सांगता! जो माणूस कोंबड्यांचं खुराडं रंगवायला काढून कोंबड्या मरेपर्यंत रंगवत होता, तो! फुलंही ठेवणार! मला वाचता वाचता घाम फुटला. तू आपणहून काम करायला निघालास म्हणजे मागे काहीतरी मोडलेलं असतं. लहानपणी तू एकदाच न सांगता भांडी घासली होतीस, त्या दिवशी पपांची होडी बुडवून आला होतास.

काय झालं असेल ते मला दिसतंय. तुम्ही तिघांनी कबरस्तानाचा रस्ता उखडून ठेवलाय. तुमच्या त्या दातेरी चाकांनी त्याचा लापशीचा हंडा केला असेल, आणि आता तिथे धड माणूस जाऊ शकत नाही, म्हणून ताईने येऊ नये. खरं ना? की आत कबरींमधूनच शर्यती लावताय? लावत असाल तर आत्ताच सांग, म्हणजे फादरना पत्र लिहायला मला बरं पडेल.

गॅस्टन तुमच्यातलाच होता, माहीत आहे मला. तो असता तर तोही तुमच्या एक गाडी पुढे असता. पण तो आता नाही. त्याला तिथे शांत पडायला ठेवलंय आणि तुम्ही त्याच्या डोक्याशी रोज इंजिनं खेकसवताय. लाज नावाची वस्तू पुरात वाहून गेली का?

मला कबरीचा फोटो हवा. जुनियसच्या नातीकडे कॅमेऱ्याचा फोन आहे. या आठवड्यात पाठव. तीस ऑक्टोबरची बस मी ठरवून ठेवली आहे. व्हर्नाला अजून सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

एल्मीर


पॉयंट सिप्रे, १ ऑक्टोबर

ताई,

सोबत फोटो. उन्हामुळे नाव नीट आलेलं नाही.

घाईत आहे.

क्लोव्हिस


ह्यूस्टन, ८ ऑक्टोबर

क्लोव्हिस,

फोटो सुंदर आहे. ओवाइड ब्रूसारची कबर फार छान आली आहे.

तुला काय वाटलं, मला कळणार नाही? कोपऱ्यात तारेने बांधलेली ती प्लास्टिकची लिली अझेली ब्रूसारने दुकानातून उरलीसुरली म्हणून आणली होती, आणि नवऱ्याला पुरतानासुद्धा तिच्यावरची किमतीची चिठ्ठी काढली नव्हती. ती चिठ्ठी फोटोत दिसतेय. तू नाव उन्हात घालवलंस, पण अझेलीचा चिक्कूपणा घालवायला विसरलास.

मी आता ओरडत नाही, क्लोव्हिस. नीट विचारते. दुसऱ्याच्या कबरीचा फोटो माणूस तेव्हाच पाठवतो जेव्हा आपल्या कबरीचा पाठवण्यासारखा नसतो. मला रात्रभर काही सुचलं नाही. दगड फुटला असेल तर फुटला म्हण. खचली असेल तर खचली म्हण. पण खरं लिही.

माझा नवरा कुठे आहे?

एल्मीर


पॉयंट सिप्रे, १३ ऑक्टोबर

ताई,

बसून वाच.

गॅस्टन तिथे नाही. पुराच्या तिसऱ्या दिवशी पाणी कबरींच्या वर गेलं आणि तो निघून गेला. त्याच्या शवपेटीने वरचा सिमेंटचा पत्थर ढकलला, बाहेर आली, आणि तरंगत झाडांमध्ये गेली. जुनियसने होडीतून पाठमोरी पाहिली. त्याला वाटलं कुणाची तरी नवी होडी सुटलीय. तो हाका मारत मागे गेला, पण प्रवाह जोराचा होता.

आणखीही काही पेट्या निघाल्या होत्या. सरकारी होड्या आल्या, वरून हेलिकॉप्टर फिरलं, बाकीचे सगळे सापडले. गॅस्टन नाही. मग पाणी ओसरलं आणि चिखल राहिला. चिखलात होडी चालत नाही, ट्रक चालत नाही, पायी उतरलं तर माणूस कमरेपर्यंत जातो आणि बूट तिथेच ठेवून येतो. सरकारी साहेब म्हणाले, उन्हाळ्यात जमीन सुकली की बघू. उन्हाळ्यात! तोवर रानडुकरं फिरतात तिथे. आत जाऊ शकतील अशा वस्तू अख्ख्या गावात तीनच होत्या, आणि त्यांच्यावर बसणारे मूर्खही तीनच. म्हणून आम्ही रोज जातो. दलदलीचे चौकोन पाडलेत आणि एकेक चौकोन गाडी घालून काठीने खुपसत बघतो. तुझं घर त्यामुळे राहिलं. माफ कर.

खेळत नाही आम्ही. म्हणजे, अधूनमधून थोडं होऊन जातं. गाडी चिखलात आडवी व्हायला लागली की तोंडातून आपोआप आरोळी निघते, ती जुनी सवय.

आता उरलेलं सांगतो. शेजारच्या ओवाइडची पेटी जागेवर राहिली, कारण अझेलीने स्वस्तातली घेतली होती. तिच्या फटीफटीतून पाणी आत गेलं आणि ती जड होऊन बसली. गॅस्टनची आम्ही बंद केली होती. तुला आठवत असेल, पुरण्याच्या आदल्या दिवशी मी आणि पर्सी गॅरेजमध्ये होतो. आम्हाला जन्मभर एकच विद्या येते, पाणी आत जाऊ द्यायचं नाही. इंजिनाच्या श्वासाचे पाइप हँडलच्या वर काढायचे, सांधा न् सांधा सिलिकॉनने भरायचा, मग गाडी गळ्यापर्यंत बुडू दे. तसंच आम्ही गॅस्टनचं केलं. झाकणाच्या कडेने सिलिकॉन फिरवलं, बोटाने दाबून बसवलं. थेंबभर पाणी जाणार नाही असं केलं, आणि त्यात हवा राहिली, आणि तो पिंपासारखा वर आला. गाडी वजनाने बुडते, पेटी तरंगते, एवढं दोन डोक्यांत मिळून आलं नाही.

चूक माझी आहे. तुला काय बोलायचं ते बोल.

क्लोव्हिस


ह्यूस्टन, १७ ऑक्टोबर

क्लोव्हिस,

बोलतेच.

महिनाभर! महिनाभर तू मला "त्याच्याकडून तक्रार नाही" असं लिहीत होतास. कशी असेल तक्रार? माणूस पत्त्यावर नको का? मी इथे रोज संध्याकाळी त्याच्या कबरीकडे तोंड करून जपमाळ ओढत होते, जावयांनी फोनमध्ये दिशासुद्धा काढून दिली होती, आणि तो रानडुकरांमध्ये हिंडतोय! तुला, पर्सीला आणि त्या बोळक्या जुनियसला एका ओळीत उभं करून झाडूने मारावंसं वाटलं. मग बाथरूममध्ये जाऊन दार लावलं आणि खूप रडले. व्हर्ना बाहेरून विचारत राहिली. तिला सांगितलं. तीही रडली. जावयांनी पहिल्यांदाच न बोलता कॉफी करून दिली, आणि कशी कोण जाणे, चांगली केली.

आता तुझ्या पत्रातलं एक वाक्य. चूक तुझी. वा रे शहाण्या. मी त्या दिवशी गॅरेजच्या दारात उभी होते. तुम्ही सिलिकॉनची एक ट्यूब संपवलीत आणि हात पुसायला लागलात. मी म्हटलं, "एवढंच? मला त्याला थेंबभर पाणी लागलेलं चालणार नाही." तू म्हणालास, "ताई, पुरे झालं." मी पर्सीला दुकानात पिटाळून दुसरी ट्यूब आणवली आणि तुझ्या हातात दिली. तू माझ्याकडे पाहिलंस आणि परत वाकलास. हे तू पत्रात लिहिलं नाहीस. दुसरी ट्यूब तुला आठवत नाही असं मला सांगू नकोस.

मला असली दया दाखवायची नाही. माझं माझ्याकडे राहू दे, तुझं तुझ्याकडे.

आता ऐक. घराला हात लावू नकोस, बुरशी कुठे पळून जात नाही. यूलालीला मी फोन करून गप्प केलंय. तुम्ही तिघे रोज उजाडता खेळायला जायचं. रविवारीसुद्धा. फादरना मी बघते. कितीही चिखल लागू दे, कपडे फाटू दे, आरोळ्या मारायच्या तर मारा, पण मला गॅस्टन आणून द्या. एक तारखेला मला त्या पत्थराला चुना लावायचा आहे आणि खाली माझा माणूस हवा आहे. रिकाम्या खड्ड्याला मी चुना लावणार नाही.

एल्मीर


पॉयंट सिप्रे, २० ऑक्टोबर

ताई,

अजून नाही. जुनियसची गाडी आज हँडलसकट बुडाली, इंजिनात पाणी गेलं. प्लग काढून उलटी टांगलीय, सकाळपर्यंत निथळेल. तो स्वतःही जवळजवळ तसाच टांगलाय. त्याची बायको आमच्याशी बोलत नाही.

दोन चौकोन राहिलेत.

दुसरी ट्यूब मला आठवत होती.

क्लोव्हिस


पॉयंट सिप्रे, २४ ऑक्टोबर

ताई,

सापडला.

जुन्या पंपघराच्या पलीकडे, जिथे झाडं इतकी दाट आहेत की हेलिकॉप्टरला वरून पानांशिवाय काही दिसलं नसतं. पेटी उभी होती. खालची बाजू चिखलात रुतलेली, वरची बाहेर, अगदी ताठ. चर्चमध्ये इतका ताठ उभा राहिलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. पर्सीने गाडी बंद केली, टोपी काढली आणि म्हणाला, "अरे गॅस्टन, सगळ्यांच्या आधी इथे पोचलास होय!" मग तो खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. मग आम्हीही.

काढायला पूर्ण दिवस गेला. चिखल पकडून ठेवतो, तुला सांगून समजणार नाही. सरळ ओढलं असतं तर हातात नुसत्या कड्या आल्या असत्या. आधी हाताने भोवती उकरलं, मग जुनियसने पंपाने कडेकडेने पाणी सोडलं. तेव्हा एक मोठ्ठा आवाज झाला, चारचौघांत करू नये तसा, आणि चिखलाने पेटी सोडली. जुनियस म्हणाला, "हा गॅस्टनच, शंका नको." क्षमा कर, पण आम्ही हसलो. मग त्याला सपाट पत्र्याच्या होडीत आडवा केला, साखळीने तिन्ही गाड्या एकापुढे एक जोडल्या आणि निघालो.

ताई, या गाड्यांचा वेग अंगठ्यात असतो. पर्सीने आयुष्यात तो अंगठा कधी अर्धवट दाबलेला नाही. एकाने जरी जोरात दाबला असता तरी साखळीला हिसका बसून होडी उलटली असती. काल तो संपूर्ण रस्ता अंगठा असा ठेवून होता जसं काही अंड्यावर ठेवलाय. मधल्या खड्ड्यात माझी गाडी बसली, सीटच्या वर चिखल आला. कोणी ओरडलं नाही. विंच लावलं, दोर ताणला. एकेक वीत करत वर आलो. गावाच्या तोंडाशी पोचलो तेव्हा यूलाली रस्त्यात मेणबत्ती घेऊन उभी होती. मी तिला पुढे काही बोलणार नाही, फ्रिजबद्दलसुद्धा.

सरकारी माणसाने नियमाप्रमाणे पेटी उघडून पाहिली. मी बाजूला होतो. गॅस्टनचा सूट कोरडा होता, ताई. एवढे दिवस, एवढं पाणी, एवढा चिखल, आणि आत थेंब नाही. माणूस म्हणाला, असं काम मी कुठे पाहिलं नाही. मला अभिमान वाटावा की लाज, ते कळेना.

आता एक ठरवायचं आहे. तो सरकारी माणूस म्हणतो, असंच परत ठेवलं तर पुढच्या पुरात परत जाईल. एक तर वरून पोलादी पट्टे आवळून जमिनीत बांधायचं. नाहीतर पेटीला भोकं पाडायची, म्हणजे पाणी आलं की आत शिरेल आणि पेटी बसून राहील. पट्ट्यांनी सूट कोरडा राहील. भोकांनी नाही.

मागच्या वेळी तू सांगितलंस आणि मी केलं. या वेळीही तूच सांग. मी करीन, आणि कुणाला सांगणार नाही.

क्लोव्हिस


ह्यूस्टन, २७ ऑक्टोबर

प्रिय क्लोव्हिस,

पट्टे नकोत. भोकं पाडायची.

कारण विचारणार नाहीस हे माहीत आहे, म्हणूनच सांगते. गॅस्टन तुमच्याबरोबर चिखलात जाऊन आला की मी त्याला मागच्या दाराशी थांबवायचे. अंगावर पाण्याचा पाइप सोडायचा, कपडे तिथेच उतरवायचे, मग आत. जानेवारीतसुद्धा. "एक डाग घरात चालणार नाही, गॅस्टन," असं म्हणायचे. लग्न झाल्यापासून शेवटच्या वर्षापर्यंत. तो कुडकुडत उभा राहायचा आणि माझ्याकडे बघून हसायचा, आणि मला त्या हसण्याचाही राग यायचा. मग तो गेला, आणि मी त्याला अशा पेटीत बंद करून घेतला जिच्यात कधीच डाग पडणार नव्हता. सगळ्यांना वाटलं, बाईचं किती प्रेम. मलाही तेच वाटलं. प्रेम होतंच. पण माझंच म्हणणं शेवटी खरं केलं मी, तो उत्तर देऊ शकत नव्हता तेव्हा.

आणि त्याने काय केलं? पहिलं पाणी आलं तसा पत्थर ढकलून निघाला आणि गावातल्या सगळ्यात खोल चिखलात जाऊन उभा राहिला. दोन ट्यूबा लावून ठेवला होता त्याला! आता अजून काय बांधू?

पर्सीला सांग, त्या अंगठ्याबद्दल मी त्याचं काही देणं लागते आणि ते गंबोने फेडीन, पाकिटातल्या नाही. जुनियसला नवी कवळी व्हर्ना देणार आहे.

मी तीसला पोचते. व्हर्ना आणि जावई घेऊन येतायत, त्यांनी रबरी बूट घेतलेत, पांढरे, देव त्यांचं भलं करो. तोवर पेटी चर्चमध्ये राहू दे आणि ड्रिलला कोणीही हात लावायचा नाही. पहिलं भोक मी पाडणार. आणि बारीक पातं आणू नकोस. नुसतं पाणी झिरपून काय उपयोग, त्याला चिखल लागतो.

तुझी ताई,
एल्मीर